दोन्ही तोंडांना कुंकू

आई दसऱ्याला कशालाही कुंकू लावते. बाबांच्या स्कूटरला, फ्रिजला, इन्व्हर्टरला, मिक्सरला. माझ्या लॅपटॉपच्या बटणांमध्ये गेल्या दसऱ्याची एक अक्षता अजून अडकलेली आहे, ‘एंटर’ दाबलं की कुरकुरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं असेल याचा थोडा तरी अंदाज येईल. बचाव म्हणून नाही सांगत. वादविवाद स्पर्धेत बचावाचा मुद्दा शेवटी ठेवायचा असतो, आणि माझ्याकडे शेवटीही तो नाही.

मी केतकी. अकरावीत आहे, नेहरू नगरला राहते. आठवीपर्यंत हजेरीला ‘यस मॅम’ म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. मग एका मॅडमनी बळेबळे वादविवादाला उभं केलं, आणि माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं त्याला सगळ्या शाळांमधून पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर मी थांबलेच नाही. माईक दिसला की हात आपोआप पुढे जातो. ऑटोवाल्याशी, एम. पी. नगरच्या कोचिंगमधल्या सरांशी, बँकेतल्या काकांशी, सगळ्यांशी मीच बोलते. बाबा म्हणतात, "हिनं बोलावं म्हणून नवस बोलणार होतो. बरं झालं, नाही बोललो. आता फेडता फेडता उलटा बोलावा लागला असता."

आत्याच्या वतीनंही मीच बोलायचे.

मंजूषाआत्या, बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. सिंचाई विभागात, म्हणजे पाटबंधारे खात्यात, नकाशे काढते. आजोबा त्याच कचेरीबरोबर नागपूरहून इथे हिंदी मुलखात आले, ते इथलेच झाले. गच्चीवरची खोली आत्याची. तिथल्या टेबलावर कानशी, चिमटे, कटर, दात घासायचे जुने ब्रश आणि डोळ्याला लावायचं एक भिंग. ती इंग्लंडमधल्या जुन्या आगगाड्यांची मॉडेलं करते. सगळ्या गाड्यांची नाही, एकाच जातीच्या.

कॉलेजात असताना तिला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात एका गाडीचा फोटो. एकच डबा रुळावरून चाललाय, वर धूर निघतोय, आणि इंजीन कुठेच नाही. "इंजीन कुठंय?" हा प्रश्न तिला जो चिकटला तो चिकटलाच. उत्तर असं, की इंजीन डब्याच्या पोटात आहे. एका टोकाला लहानसा उभा बॉयलर, बाकी डब्यात माणसं. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या छोट्या छोट्या फाट्यांवर अशा गाड्या चालायच्या. शेवटच्या स्टेशनावर इंजीन सोडवा, फिरवा, पुढे आणून जोडा, ही भानगडच नाही. ड्रायव्हर उतरतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो, तिथेही त्याच्यासाठी खोली असते, आणि गाडी उलटी निघते. उलटी म्हणजे सुलटीच. दोन्ही तोंडं पुढचीच. नंतर इंजिनानं मागून ढकलायच्या गाड्या आल्या, त्यातही तेच: ड्रायव्हर पुढे, फायरमन एकटा मागे आगीपाशी, आणि दोघांमध्ये बोलायला एक घंटा.

ती घंटा आत्यानं आमच्या घरात आणली. तिच्या खोलीत बटण आणि स्वयंपाकघरात घंटा, मध्ये जिन्यातून वायर. एकदा वाजली म्हणजे चहा. दोनदा वाजली म्हणजे, केतकी, वर ये.

वर कशाला, तर इंग्रजीसाठी. इंग्लंडमध्ये या गाड्यांवर जीव टाकणारे लोक आहेत आणि ते एका वेबसाइटवर जमून तासन् तास वाद घालतात. छपराचा रंग कोणता होता, पायरीला कठडा कधी लागला, असले. आत्याला इंग्रजी वाचता येतं, पण लिहायला बसली की ती आखडते. म्हणून ती मराठीत सांगायची आणि मी फडाफड टाइप करायचे. सुरुवातीला ती सांगेल तेवढंच. मग हळूहळू मी माझ्या मनानं चार वाक्यं घालायला लागले. ‘आम्हाला असं आढळलं’ लिहिता लिहिता ‘मला असं आढळलं’ कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. खरं तर आलं होतं.

आणि फोटो. फोटो मीच काढायचे, मीच कापायचे. आत्याच्या टेबलावर गाडीमागे नेहमी काहीतरी असायचं. कुकरचं झाकण, आईनं वाळत घातलेल्या कुरडया, बाबांचा बनियन. मी ते सगळं कापून टाकायचे. गाडी आणि मागे पांढरी भिंत, बस. एकदम प्रोफेशनल. एका फोटोत आत्याचे हात राहून गेले. बोटांच्या पेरांवर रंग, नखांच्या कडा काळ्या, हातात आजीची झिजलेली बांगडी. तिथले सगळ्यात जुने सभासद व्हिटकोम आजोबा, त्यांनी लगेच विचारलं, ‘हे हात कुणाचे?’ मी उत्तर दिलं नाही. तो फोटो तिथून हटवला आणि कडा कापून पुन्हा टाकला.

तर या वेळची गाडी. पितळी पत्र्याची, वीतभराहून थोडी लांब, खाली चॉकलेटी आणि वर क्रीम, आणि खिडक्यांच्या चौकटी इतक्या बारीक की मी जवळ श्वास घेतला तरी आत्या ओरडायची. दोन वर्षं लागली तिला. व्हिटकोम आजोबांनी लिहिलं, नोव्हेंबरात आमच्या गावच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, तुमची गाडी आमच्या रुळांवर चालवायला मिळाली तर फार आनंद होईल. आत्यानं मला ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. तिची एकही गाडी तोवर घराबाहेरच्या माणसानं नीट पाहिली नव्हती. कचेरीत कुणाला माहीतही नव्हतं. "चालेल का गं त्यांच्या रुळांवर? घसरली तर?" असं ती जेवताना, भांडी लावताना, मध्येच म्हणायची. बाबा म्हणायचे, "ताई, तुझं पोरगं पहिल्यांदा शाळेत निघालंय असं करतेयस."

न्यायचं काम निनाददादाकडे. बाबांच्या मित्राचा मुलगा, मिसरोदला राहतो, स्वतः रेल्वेवेडा. कंपनीच्या कामासाठी तो इंग्लंडला चालला होता. दसऱ्याला दुपारी येऊन गाडी बघायची, बांधायची आणि न्यायची असं ठरलं.

आदल्या रात्री मी मैत्रिणींबरोबर झांक्या, म्हणजे देवीचे देखावे, बघत फिरले आणि सकाळी उठले तेव्हा पूजा होऊन गेली होती. घरभर झेंडूचा वास. स्कूटरला हार, फ्रिजला कुंकू, सगळं नेहमीप्रमाणे. गाडी दिवाणखान्यात टेबलावर, वर स्वच्छ टॉवेल. मी हात लावला नाही. दुपारी सगळ्यांसमोर मीच टॉवेल उचलणार होते आणि थोडं बोलणार होते. म्हणजे आरशासमोर तयारीच केली होती.

निनाददादा आणि सुचेतावहिनी आले. सोनं देऊन झालं, पाया पडून झालं, आई श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आली.

"हं, केतकी मॅडम," निनाददादा म्हणाला, "उद्घाटन होऊन जाऊ दे."

"भाषण छोटं ठेव," बाबा म्हणाले. "श्रीखंड गरम होईल."

मी उभी राहिले, गळा साफ केला आणि टॉवेल उचलला.

क्रीम रंगावर, दोन खिडक्यांच्या मधोमध, जिथे माणसाचं कपाळ असतं तिथे, पाण्यात कालवून लावलेलं हळदकुंकू. हळद पसरून खाली ओघळलेली. मी गाडी फिरवली. दुसऱ्या टोकालाही.

"आई!"

आई वाट्या धरून तशीच उभी.

"आई, काय केलंस तू हे? सगळ्याला कुंकू फासायलाच पाहिजे का? फ्रिज आहे का हा? यार, सच में! तिकडे लोक भिंगातून बघतात, भिंगातून! त्यांना काय सांगायचं आता? आमच्याकडे असंच चालतं? हसतील लोक. इतकं गावठी, इतकं अडाणी काम, आणि तेही माझ्या मॉडेलवर!"

माझा आवाज छान लागला होता. हे मला सगळ्यात जास्त लाजवतं. प्रत्येक शब्द स्पष्ट, कुठे थांबायचं ते बरोबर, शेवटच्या वाक्याला वर चढवलेला स्वर. बक्षीस मिळवताना लागला होता तसाच.

आईनं एकदा आत्याकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाली, "चुकलं गं. राहू दे आता, पाहुणे आहेत."

"राहू दे काय? पुसलं जाणार आहे का ते?"

"केतकी, पुरे," बाबा म्हणाले.

"मंगलानं नाही लावलं," आत्या म्हणाली. ती खुर्चीत बसली होती, नवी साडी नेसून, हात मांडीवर. "मी लावलं."

निनाददादा पुढे झाला, वाकून एक टोक पाहिलं, मग दुसरं.

"दोन्हीकडे लावलंत, आत्या?"

"दोन्ही तोंडं पुढचीच ना तिची," आत्या म्हणाली.

निनाददादाला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं हसला. मग माझं तोंड पाहून थांबला. सुचेतावहिनी श्रीखंडाच्या वाटीत बघत होत्या. त्यांनी ‘माझ्या मॉडेलवर’ ऐकलं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

आत्यानं उठून गाडी दोन्ही हातांनी उचलली. "निनाद, या वेळी राहू दे. नको नेऊस. पुढे कधीतरी बघू."

"अहो आत्या, डाग जाईल की—"

"नको रे. लोक हसतील." हे ती कुचकेपणानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच तसं वाटून म्हणाली. आणि जिना चढून गेली.

निनाददादा जाताना बाबांना हळूच म्हणाला, "काका, मी परवा सकाळी निघतोय. उद्या संध्याकाळी एक फोन करा. बॅगेत जागा मोकळी ठेवतो."

मी स्वयंपाकघरात गेले. आई सगळ्यांच्या अर्धवट वाट्यांमधलं श्रीखंड एका भांड्यात काढत होती.

"सॉरी, आई."

"मला बोललीस त्याचं काही नाही. मला सवय आहे."

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते.

"तू का म्हणालीस, चुकलं म्हणून? तुझं नव्हतंच ना."

"मग काय करू? तू माझ्यावर ओरडत होतीस तोवर ठीक होतं. तिच्यावर ओरडली असतीस तर तिला सहन झालं नसतं. शेवटी व्हायचं ते झालंच." तिनं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिजच्या दारावरचं कुंकू माझ्या नाकासमोर आलं.

चहाची वेळ झाली. घंटा वाजली नाही. आईनं आधण ठेवलं, उकळलं, गॅस बंद केला. आम्ही दोघीही त्या घंटेकडे बघत होतो. शेवटी मीच कप घेऊन वर गेले.

दार उघडंच होतं. आत्या टेबलाशी बसून कान साफ करायच्या काडीनं, साबणाच्या पाण्यानं, अगदी हलक्या हातानं पुसत होती. हळद फिकट होण्याऐवजी पसरली होती.

"वार्निश नव्हतं दिलं टोकांना," ती मान वर न करता म्हणाली. जणू मी विचारलं होतं. "बाकी सगळ्या गाडीला दिलं. टोकांवर आकडे चिकटवायचे राहिलेत म्हणून तिथे थांबले. सकाळी डोक्यातच नाही आलं. वार्निश असतं तर ओल्या फडक्यानं निघालं असतं. मी दुपारच्या आत पुसून आकडे लावणारच होते. फोन आला कचेरीतून, राहून गेलं."

"आत्या, पण लावलंस कशाला?"

तिनं मान वर केली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"गाडी आहे ना ती?" ती म्हणाली. "अंबरीशच्या स्कूटरला लावतो. मग हिला नाही?"

मी दोन वर्षं त्या गाडीबद्दल बोलत होते. शाळेत बोलले, वेबसाइटवर बोलले, आरशासमोर बोलले. प्रोजेक्ट म्हटलं, मॉडेल म्हटलं, पीस म्हटलं. ती गाडी आहे असं घरात एकट्या आत्यालाच वाटत होतं. आणि मी तिला अडाणी म्हणाले होते. कप ठेवून मी खाली पळाले. बशीत चहा सांडला तोही पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. माझ्या युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचे डाग पडतात ते आई उन्हात घालते आणि संध्याकाळपर्यंत पिवळं उडून जातं, हे मला सकाळी दात घासताना आठवलं. मी तशीच ब्रश हातात घेऊन वर गेले. आत्या ‘हं’ म्हणाली, म्हणजे तिलाही तेच सुचलं होतं. आम्ही गाडीचा मधला भाग कागदात गुंडाळला, फक्त टोकं उघडी ठेवली आणि ती गच्चीच्या कठड्याला टेकवून पाटावर ठेवली. आमच्याकडे माकडं येतात, म्हणून मी काठी घेऊन राखणीला बसले. आत्या दोरीवरच्या कपड्यांच्या सावलीत बसली.

ऊन चढत गेलं. पिवळं खरंच फिकं होत होतं. कुंकू जिथल्या तिथे होतं, लालभडक.

"आत्या, जाऊ दे ना तिला निनाददादाबरोबर."

"का?"

एवढासा प्रश्न. सभागृहात मला कुणी विचारला असता तर मी तीन मुद्दे मांडले असते. तिथे एकही सुचेना. कारण तिला थांबवणारं वाक्य माझंच होतं, आणि ते खोडायला उभी राहणारीही मीच. कोण ऐकणार?

मला रडू यायला लागलं. आणि रडू यायला लागलं की माझ्या तोंडातून नको ते बाहेर पडतं. मी तिला हातांचं सांगितलं. व्हिटकोम आजोबांनी विचारलं होतं, हे हात कुणाचे, आणि मी तो फोटोच काढून टाकला, हे सगळं.

आत्यानं आपले हात पुढे धरले. पालथे, मग उताणे.

"चांगले दिसत नव्हते का गं?" तिनं विचारलं.

तिनं थोबाडीत मारली असती तर मी गाल चोळत बसले असते. या प्रश्नाला काय चोळणार? मी काठी टाकून तोंड गुडघ्यात घातलं. तेवढ्यात पलीकडच्या टाकीवर धप्पकन एक माकड उतरलं आणि आत्या ओरडली, "केतकी! काठी! आधी काठी घे, मग रड!"

मी उठून काठी आपटली. माकड गेलं. मला हसू आलं नाही. आत्याला मात्र आलं, आणि ते तिनं पदरात लपवलं.

"लॅपटॉप आण," ती म्हणाली. "फोटो दाखव मला. तू कापायच्या आधीचे."

मी आणला. ऊन लागून पडद्यावर काही दिसेना म्हणून आम्ही दोघी एका वाळत घातलेल्या चादरीखाली शिरलो. तिनं एकेक फोटो पाहिला. कुकर. कुरडया. टॉर्च धरून उभे असलेले बाबा, डोळे मिटलेले. खिडकीतून चहाचा कप आत देणारा आईचा हात. आणि मध्ये कुठेतरी गाडी, आधी नुसता पत्रा, मग चौकटी, मग रंग.

"अंबरीश उभ्या उभ्या झोपलाय इथं," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला आठवतच नव्हतं, मंगला इतक्या वेळा वर आली होती."

"टाकू हे?"

"आधी त्यांना हातांचं उत्तर दे. माणसानं विचारलं होतं. इतके दिवस उत्तर नाही म्हणजे काय!"

मी लिहिलं. हात माझ्या आत्याचे, मंजूषाचे. गाडी पूर्ण तिनं केली आहे, सगळ्या गाड्या तिनंच केल्या आहेत. माहितीही तिनंच शोधली. मी फक्त टाइप करते. ‘फक्त टाइप करते’ लिहून एंटर दाबलं तशी अक्षता कुरकुरली. मग न कापलेले फोटो टाकले, हातांचा सगळ्यात वर.

दुपारी जेवणं झाली तरी आत्या काही म्हणाली नाही. बाबा दोनदा फोन उचलून ठेवून बसले. मी खाली स्वयंपाकघरात वेबसाइट उघडून बसले होते तेव्हा व्हिटकोम आजोबांचं उत्तर आलं. ‘कळवल्याबद्दल आभार’ एवढंच सौजन्य, आणि पुढे लगेच लांबलचक प्रश्न: मग कृपया तुमच्या आत्यांना विचारा, पायऱ्यांचे सांधे त्यांनी सोल्डरचा डाग देऊन जोडलेत की खाच पाडून? कारण आम्हा सगळ्यांच्या पायऱ्या तुटतात.

मी धावत वर जाऊन वाचून दाखवलं.

"खाच पाडून," आत्या एकदम म्हणाली. "नुसत्या डागावर कशी टिकेल? लिही. नाही, थांब, असं नाही समजायचं त्यांना. आकृती काढते." आणि ती कागद ओढून बसली. आकृती झाली, मग दुसऱ्या बाजूनं आकृती झाली. मग ती चष्मा वर करून म्हणाली, "प्रत्यक्ष पाहिलं तर एका मिनिटात कळेल त्यांना."

मी गप्प बसले. आयुष्यात मी इतकं मोठं काम केलेलं नाही.

आत्या गाडीकडे बघत होती. "अंबरीशला सांग, निनादला फोन कर. आणि तो क्रीमचा डबा दे. तळाला थोडा उरलाय."

"कुंकवावर रंग लावणार?"

"मग? मूळ गाडीला कुंकू नव्हतं. लोक मूळ गाडी बघायला येणार आहेत." तिनं ब्रश ओठांनी टोकदार केला. "कुंकू माझ्यासाठी होतं. ते लागलं."

तिनं दोन्ही टोकांना एकेक हात दिला. बॉयलरकडच्या टोकाचं कुंकू झाकलं गेलं. दुसऱ्या टोकाला मात्र लाल रंग वर येत राहिला. दुसरा हात दिला, तरी अगदी फिकट गुलाबी झाक राहिलीच. डबा संपला होता. तसाच रंग पुन्हा मिसळायला तिला आठवडा लागतो. "असू दे," ती म्हणाली, पण नाराजीनं, कारण तिला ते खरंच आवडलं नव्हतं. मग आकडे चिकटवले, वार्निश दिलं, आणि संध्याकाळी निनाददादा आला तेव्हा खोक्यात कापूस भरायला मी मदत केली. निनाददादानं विचारलं, "काय केतकी मॅडम, आज भाषण नाही?" मी म्हटलं, नाही. आई मागे उभी होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

प्रदर्शन झालं. गाडी चालली, घसरली नाही. व्हिटकोम आजोबांनी व्हिडिओ पाठवला, त्यात ती छोट्या स्टेशनावर थांबते आणि न वळता उलटी निघते. आत्यानं तो कचेरीत सगळ्यांना दाखवला. खाली त्यांचा एक प्रश्न होता. एका टोकाच्या वरच्या पट्टीला किंचित गुलाबी झाक आहे, त्यावर इथे टेबलाभोवती बराच वाद झाला. तिथे असा रंग होता याचा तुमच्याकडे काही पुरावा आहे का? असल्यास आम्हा सर्वांना आपल्या गाड्या पुन्हा रंगवाव्या लागतील.

मला चार उत्तरं लगेच सुचली. चारही छान होती. मी हाक मारली, "आत्या!"

ती आली, वाचलं, आणि मी खुर्चीतून उठले. ती बसली. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, तिनं स्वतः इंग्रजीत लिहिलं, की पुरावा नाही. आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा करतात, ते कुंकू आहे. दोन्ही टोकांना लावलं होतं, कारण दोन्ही पुढचीच. वार्निश द्यायचं राहिलं, ती माझी चूक. कृपया गाड्या रंगवू नका.

मी हात पाठीमागे धरून उभी होते.

खाली तिनं आपलं नाव लिहिलं. मग थांबली. "तुझं घालू?"

"नको."

"का नको?"

"नकोच, आत्या. प्लीज."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ‘के’ शोधत होती. तिनं माझं नाव आपल्या नावाखाली लिहिलं, एकेक अक्षर करत, आणि एंटर दाबलं. अक्षता कुरकुरली.

ते पान अजून तिथे आहे. तिकडच्या लोकांनी खाली बरंच काही लिहिलंय, म्हणतात फार छान आहे. बाबा वाचून दाखवतात. मी दुसऱ्या नावापर्यंत येते आणि पान खाली सरकवते.